सेरेंगेटी-मारा: सिंह बाजूला ठेवून बोलू या

नैरोबीकर

इकडे राहायला आल्यापासून भारतातले पाहुणे सुरूच असतात आणि त्यांना मासाई मारा (इथलं अभयारण्य) दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला: "सिंह दिसेल ना? शिकार दिसेल ना?" सिंह दिसतो. बहुधा झोपलेला दिसतो, कारण दिवसाचे वीसेक तास तो तेवढंच करतो. पाहुणे त्याचे पन्नास फोटो काढतात आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला जे चाललेलं असतं ते बघायचं राहून जातं.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की सॅव्हानात, म्हणजे इथल्या गवताळ माळरानात, कोण तगतं आणि कोण मरतं हे दात-नखांवर कमी ठरतं. गवत, पाऊस, माती, माश्या, मुंग्या, रोगराई यांवर जास्त ठरतं. मी सुरुवात करतो, जाणकारांनी भर घालावी.

सेरेंगेटी टांझानियात, मारा केनियात. मधली सरहद्द माणसांची, जनावरांसाठी सगळा एकच मुलूख. त्यात साधारण १३ लाख वाइल्डबीस्ट (गाईएवढी, दाढीवाली हरणं), दोन लाखांवर झेब्रे आणि काही लाख छोटी गझेल हरणं वर्षभर गोल फिरत असतात. का फिरतात? पाण्यासाठी, असं सगळे सांगतात. पण मग एक कोडं उरतं. डिसेंबर ते मार्च हे कळप दक्षिणेला न्डुटूच्या उघड्या माळावर असतात, आणि तिथे बारमाही पाणी नाही. उत्तरेला माराला नदी आहे, उंच गवत आहे, तरी पाऊस पडला रे पडला की सगळे दक्षिणेकडे पळतात.

उत्तर मातीत आहे. दक्षिणेच्या माळावर ओल डोइन्यो लेंगाई आणि आसपासच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं पडत आली आहे. लेंगाई तर अजून जागा आहे. राखेतले क्षार पावसाबरोबर झिरपून खाली कडक थर झाला, त्यामुळे झाडांची मुळं खोल जात नाहीत आणि माळ उघडाच राहतो. वरचं गवत बोट-दोन बोट, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. पोटात पिल्लू किंवा अंगावर दूध असलेल्या मादीला नेमकं तेच हवं असतं. उत्तरेचं गवत उंच, पण निकस. म्हणजे उत्तरेला तग धरायची आणि दक्षिणेला बाळंतपण करायचं, असा हिशोब.

विणीचा हंगामही बघण्यासारखा. फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत सुमारे ८० टक्के पिल्लं जन्मतात. तरसांनी, सिंहांनी खाऊन खाऊन खायचं तरी किती? पोट भरलं की ते पडून राहतात आणि बाकीची पिल्लं तेवढ्यात पळायला शिकतात. जी या लाटेच्या आधी किंवा नंतर जन्मतात त्यांचं मात्र कठीण असतं.

असा एक जन्म अगदी जवळून पाहिला. मादी उठत होती, बसत होती, दोन पावलं चालून परत बसत होती. मागे दोन खूर बाहेर आलेले. पिल्लू पडलं ते तोंडावर. मागचे पाय ताठ केले, पुढचे दुमडलेलेच, धपकन आडवं. आईने चाटायला सुरुवात केली तेवढ्यात परत प्रयत्न. कानाला अजून ओला पडदा लटकतोय आणि हे चार पायांवर उभं! पाच-सात मिनिटांचा खेळ. मग ते लटपटत थेट आमच्या गाडीकडे यायला लागलं. त्या वयात समोर मोठं काही हललं की ती आईच, असं त्यांचं गणित असतं. ड्रायव्हरने एक शब्द न बोलता गाडी मागे घेतली. तिची वार अजून पडायची होती आणि दोन कोल्हे तिच्यासाठी थांबून होते.

आता तुम्ही.

शमा_वि

किती छान लिहिलंय! वाचतेय. झेब्रे आणि वाइल्डबीस्ट एकत्र चरतात तर भांडणं नाही का होत गवतावरून? शाळेत मुलं हमखास विचारतात आणि मी "निसर्गाची व्यवस्था" म्हणून वेळ मारून नेते.

नैरोबीकर

शमाताई, तिघांचं ताट वेगळं आहे. झेब्रा रवंथ करत नाही. त्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात, म्हणून तो उंच, जाडंभरडं, वाळकं देठ कापून खातो. त्याची पचनाची टाकी मागच्या आतड्यात. अन्न भराभर पुढे ढकलतो, त्यातून अर्धवटच सत्त्व घेतो, आणि म्हणून दिवसभर खात राहतो. वाइल्डबीस्ट रवंथ करणारा, त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत. झेब्र्याने वरचं राठ गवत उतरवलं की खालची पाती त्याच्या तोंडात येतात. आणि तो खाऊन गेला की जे कोवळं फुटतं ते इवल्याशा थॉम्सन गझेलला. भांडण अजिबातच नाही असं नाही, दुष्काळात सगळे सगळं खातात. पण एरवी झेब्रे पुढे, वाइल्डबीस्ट मागे, गझेल त्यांच्या मागे अशी रांग बऱ्याचदा दिसते.

खवचट_खंडू

नदी ओलांडतानाच्या मगरी कुठे गेल्या? टीव्हीवर तर सगळं सॅव्हाना मगरीच्या जबड्यातच संपतं.

नैरोबीकर

खंडूशेठ, तुमचीच वाट बघत होतो.

मारा नदीत मरणाऱ्या वाइल्डबीस्टांची मोजदाद झालेली आहे. २००१ ते २०१५ या काळातल्या नोंदींवरून वर्षाला सरासरी सहा हजारांवर जनावरं बुडून मरतात. बुडून, हे महत्त्वाचं. चढ उभा असतो, मागून रेटा असतो, खालचा चिरडतो. मगरी त्या मांसातला दोनेक टक्केच खातात, त्यांचं पोट तेवढंच. गिधाडं आणि मोठे करकोचे आणखी थोडं उचलतात. उरलेलं नदीत सडतं, मासे खातात आणि हाडं तळाशी जाऊन सुमारे सात वर्षं थोडा थोडा फॉस्फरस सोडत राहतात. दक्षिणेच्या राखेतला फॉस्फरस चार पायांवर चालत येऊन उत्तरेच्या नदीत पडतो, असंही म्हणता येईल.

सहा हजार ऐकायला मोठा आकडा, पण तेरा लाखांत तो अर्धा टक्काही नाही. वाळक्या महिन्यांतली उपासमार कितीतरी जास्त मारते. ती टीव्हीवर दिसत नाही, कारण उपाशी मरणारं जनावर नुसतं उभं असतं.

गोठ्यातला_डॉक्टर

धागा आवडला. मी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त. रोगराईचा उल्लेख ओझरता केलात, त्यात माझी भर.

हे तेरा लाख वाइल्डबीस्ट नेहमीच तेरा लाख नव्हते. १९६०च्या सुरुवातीला ते अडीच लाखांच्या आसपास होते. कारण बुळकांडी. इथल्या तरुण मंडळींनी हे नाव ऐकलंही नसेल, आणि ऐकलं नसेल तर तो आमच्या खात्याचा विजय समजा. जनावराला सडकून ताप, डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात व्रण, चारा बंद, मग पातळ हगवण, आणि आठ-दहा दिवसांत आडवं. हगवणीचा तो वास ज्या गोठ्यात गेला तिथून महिनाभर जायचा नाही, असं आमचे वरिष्ठ सांगत.

आफ्रिकेत हा रोग १८८७च्या सुमारास इरिट्रियाच्या किनाऱ्यावर आला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर आला असं मानतात. दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकाला पोचला. गुरं तर गेलीच, रानरेडे आणि वाइल्डबीस्टही गेले. मासाई लोकांचं सगळं जगणं गुरांवर, त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. त्यानंतर सत्तर वर्षं हा रोग वाइल्डबीस्टांची वर्षाच्या आतली पिल्लं मारत राहिला. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण संपलं की पिल्लू सापडायचं.

नैरोबीजवळ मुगुगाला वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींवर वाढवलेली लस तयार केली, ती स्वस्त आणि खात्रीची होती. भोवतालच्या गुरांना लस टोचत गेले आणि १९६३च्या सुमारास वाइल्डबीस्टांमधली बुळकांडी थांबली. त्यांना स्वतःला कुणी एक सुई टोचली नव्हती! रोग रानातून गोठ्यात येतो असं सगळे धरून चालले होते. तो गोठ्यातून रानात जात होता. १९७७पर्यंत वाइल्डबीस्ट १३ लाख झाले.

पुढचं तर आणखी मजेशीर. तेरा लाख तोंडांनी गवत खाल्लं, म्हणून वाळकं गवत कमी उरलं, म्हणून वणवे कमी लागले, म्हणून बाभळीची रोपं वाचून त्यांची झाडं झाली.

खवचट_खंडू

थांबा थांबा. गाईला टोचलेल्या सुईमुळे जंगलात झाडं वाढली?

गोठ्यातला_डॉक्टर

होय. आणि झाडं वाढल्यावर जिराफांना पाला मिळाला. पुढे २००१मध्ये केनियातच शेवटच्या खुणा सापडल्या, रानरेड्यांमध्ये. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग. याला पुण्याचाही एक धागा आहे. बुळकांडीसारख्या गुरांच्या साथींचा अभ्यास करायला इंग्रजांनी १८८९ साली प्रयोगशाळा काढली ती पुण्यात. चार वर्षांनी ती कुमाऊंत मुक्तेश्वरला हलवली. थंड हवा, आणि वस्तीपासून लांब. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था.

शमा_वि

डॉक्टर, अप्रतिम. हे पाठ्यपुस्तकात का नाही?

एकशेवीस_ऐंशी

जिराफाचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. आयडीवरून (१२०/८० रक्तदाब) धंदा ओळखला असेलच.

जिराफाचा मेंदू हृदयापासून सुमारे दोन मीटर वर. तिथवर रक्त चढवायचं तर दाब हवा, आणि तो आपल्या साधारण दुप्पट असतो. एवढ्या दाबावर माझ्या पेशंटचं हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही कधीच जवाब देतील. जिराफ त्यावर आयुष्य काढतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड, आतली पोकळी लहान.

खरी पंचाईत पाणी पिताना. डोकं एकदम पाच मीटर खाली येतं. तेव्हा मेंदूत रक्त उसळायला हवं आणि उठताना घेरी यायला हवी. तसं होत नाही. मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, मानेतल्या मोठ्या शिरेत झडपा आहेत, आणि डोकं वर घेताना रक्तवाहिन्या झटकन आवळतात. पायांना सूज का येत नाही? पायांची कातडी आणि तिच्याखालचा पडदा इतका जाड, घट्ट असतो की आम्ही व्हेरिकोज व्हेन्सवाल्यांना जे आवळ मोजे लिहून देतो ते याला जन्मतःच मिळालेले.

पाणी पिणं त्याला परवडतही नाही. पुढचे पाय फाकवून वाकला की सिंहाला तेवढंच पुरतं. म्हणून होता होईल तेवढं पाणी तो पाल्यातूनच घेतो.

अनुजा_ठाणे

पाला पण काटेरी! हात लावायची सोय नाही अशा बाभळी असतात म्हणे तिकडे. आम्ही पुढच्या वर्षी जायचं ठरवतोय, कुठला महिना चांगला तेही सांगा कुणीतरी.

नैरोबीकर

महिन्याचं नंतर सांगतो, आधी बाभळीचं. माझा सगळ्यात आवडता विषय, जरा लांबेल.

नैरोबीच्या उत्तरेला लाइकिपियाचं पठार आहे. तिथली जमीन काळी भारी, आपल्या विदर्भ-मराठवाड्यात कापूस घेतात तसली. पावसात गाडी रुतते, उन्हात भेगा पडतात. त्या जमिनीवर मैलोन्‌मैल एकाच जातीची बाभूळ, व्हिसलिंग थॉर्न. तिच्या काट्यांच्या बुडाशी लिंबाएवढे पोकळ फुगे असतात. मुंग्या त्यांना भोकं पाडून आत राहतात आणि वारा सुटला की त्या भोकांतून शीळ वाजते. झाड मुंग्यांना घर देतं, वर पानांच्या देठाशी गोड रस देतं. मुंग्यांनी बदल्यात पहारा करायचा. फांदी जरा हलली की शेकडो मुंग्या बाहेर. हत्तीची कातडी जाड खरी, पण सोंडेच्या आतली नाजूक. सोंडेत मुंग्या शिरल्या की एवढं धूड मागे सरतं. तिथल्या एका प्रयोगात झाडांना कुंपण घालून हत्ती-जिराफांना वर्षानुवर्षं दूर ठेवलं. झाडं जोमात वाढतील असं कुणालाही वाटेल. उलट झालं. खायलाच कुणी येत नाही म्हटल्यावर झाडाने घरं आणि रस कमी केला, चांगल्या मुंग्या कमी झाल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, खोड पोखरणाऱ्या किड्यांचं फावलं आणि झाडं खुरटली.

आता पुढचा भाग. या शतकाच्या सुरुवातीला तिथे बाहेरून आलेली एक मोठ्या डोक्याची मुंगी पसरायला लागली. मूळची बहुधा मॉरिशस बेटाकडची, माणसांच्या सामानातून जगभर गेलेली. तिने स्थानिक मुंग्या मारून टाकल्या. झाडाचा पहारा मात्र ती करत नाही. हत्तींना मोकळं रान मिळालं, त्यांनी झाडं मोडून काढली. झाडोरा गेल्यावर माळ उघडा पडला, आणि सिंहिणींना दबा धरायला आडोसा उरला नाही. झेब्र्याला त्या लांबूनच दिसायला लागल्या.

ओल पेजेता अभयारण्यातली नोंद अशी. २००३ साली सिंहांनी केलेल्या शिकारींत झेब्रे ६७ टक्के होते. २०२०पर्यंत ते ४२ टक्क्यांवर आले. रानरेडे शून्यावरून ४२ टक्क्यांवर गेले. सिंहांची संख्या घटली नाही, त्यांनी ताट बदललं. पण रानरेडा म्हणजे खेळ नव्हे. त्याला पाडायला जास्त जणी लागतात आणि शिंगावर गेली तर सिंहीणही मरते. हे सगळं एका मुंगीपायी. २०२४च्या जानेवारीत हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा इकडच्या पेपरांत चांगलाच गाजला.

खवचट_खंडू

शीर्षकात सिंह बाजूला ठेवलात आणि मुंगीवर बसवून परत आणलात. मानलं.

तरी माझं एक मत आहे. तरस हा फुकट्या. सिंह मारणार, हा खाणार. त्यात कसलं आलंय जगण्याचं कसब?

नैरोबीकर

आपल्याकडचं पट्टेवालं तरस वेगळं. ते बहुतेक एकटं फिरतं आणि मेलेल्यावर बरंच भागवतं. इथलं ठिपकेवालं तरस हा पट्टीचा शिकारी आहे.

हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात न्गोरोंगोरोच्या विवरात रात्री-रात्री गाडीतून तरसांचा पाठलाग केला. दिवसा दिसायचं ते असं: सिंह मढ्यावर बसलाय आणि तरसं भोवती लाळ गाळत उभी. बघणाऱ्याने काय समजावं? रात्री चित्र उलटं होतं. तरसांनी झेब्रा पाडायचा, त्यांचा कालवा ऐकून सिंहाने यायचं आणि हुसकून बसायचं. तिथे बहुतेक वेळा फुकट्या सिंहच होता.

तरसांच्या टोळीत बायकांचं राज्य. साठ-सत्तरसुद्धा असतात एका टोळीत. पोरीला आईच्या खालोखालचा मान जन्माने मिळतो. बाहेरून आलेला दांडगा नर या पोरीपुढेही शेपूट घालतो. दुष्काळ पडला की हे फार कामाला येतं: ज्यांचा मान वरचा त्यांची पिल्लं आधी जेवतात आणि जगतात. मोठी हाडंसुद्धा फोडून पचवतात, म्हणून यांची विष्ठा वाळली की पांढरीफेक दिसते.

तांबडा_पांढरा

चित्त्यावर कोणच बोलंना? कुनोला आणलेत म्हणून तरी बोला की. २०२२च्या १७ सप्टेंबरला नामिबियातनं आठ आले, मग २०२३च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतनं बारा.

आमच्या कोल्हापूरला आफ्रिकेचा चित्ता नवा नाही भावांनो. संस्थान काळात चित्ते पाळून काळविटाची शिकार करायची पद्धत होती. डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीतनं कळपाजवळ न्यायचं आणि टोपी काढायची. देशातले चित्ते मिळंनात तेव्हा आफ्रिकेतनं मागवले. चित्तेवान घराणी होती त्यासाठी. नाद खुळा!

पण मला कळत नाही ते हे. तिकडं उन्हात मजेत राहणारा प्राणी इकडं पावसाळ्यात का मेला?

गोठ्यातला_डॉक्टर

दगावलेल्यांची कारणं वेगवेगळी होती. २०२३च्या पावसाळ्यात काही चित्त्यांना गळ्यातल्या रेडिओ कॉलरच्या खाली जखमा झाल्या, त्यात अळ्या पडल्या आणि विष अंगात भिनलं. यात सॅव्हानाचं घड्याळ आडवं आलं. दक्षिण गोलार्धात जून ते ऑगस्ट म्हणजे कोरडा हिवाळा. त्या अंदाजाने त्यांच्या अंगावर दाट केस आले, आणि इथे तेव्हा उकाडा आणि धो धो पाऊस. केस ओले, कॉलरखाली हवा नाही, माशी बसायला एवढं पुरतं. त्यानंतर कॉलर काढून तपासण्या झाल्या.

नैरोबीकर

चित्त्याबद्दल एक भर. ताशी ११०-१२० किलोमीटर वगैरे आपण पाठ करतो. बोत्स्वानात रानातल्या चित्त्यांना यंत्रं बांधून मोजलं तेव्हा सर्वांत जास्त वेग ९३ भरला, आणि बहुतेक शिकारी त्याहून बऱ्याच कमी वेगात झाल्या. शिकार हाती लागते ती वेग एकदम तोडून वळण घेण्यामुळे. पळून अंग तापतं म्हणून तो थांबतो, हेही मोजून पाहिल्यावर टिकलं नाही. अंग तापतं ते शिकारीनंतर, बहुधा धास्तीने. कारण आता तरस येणार, सिंह येणार. म्हणून तो भर दिवसा शिकार करतो, जेव्हा हे दोघे सावलीत असतात.

शमा_वि

मुलांचा आणखी एक प्रश्न. झेब्र्याला पट्टे कशाला? मी "सिंह गोंधळतो" असं सांगते.

गोठ्यातला_डॉक्टर

सिंहाला लांबून पट्टे वेगळे दिसतच नाहीत, त्यामुळे ते स्पष्टीकरण लंगडं आहे. आज सर्वांत भक्कम पुरावा माश्यांचा. गोमाश्या आणि त्सेत्से माश्या रक्त पितात, रोग पसरवतात, आणि झेब्र्याचे केस आखूड असल्याने त्याला त्या सहज चावू शकतात. इंग्लंडमध्ये साध्या घोड्यांना काळी, पांढरी आणि पट्टेरी झूल घालून बघितलं. माश्या तिन्हींपाशी सारख्याच आल्या, पण पट्ट्यांजवळ आल्यावर त्यांना वेग आवरेना. काही धडकून उडाल्या, काही तशाच पुढे गेल्या. उघड्या डोक्यावर मात्र सगळ्यांच्या सारख्याच बसल्या. जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले तर माश्यांचं चावणं निम्म्यावर आलं.

खवचट_खंडू

उद्या आमच्या म्हशीला चुना लावतो. दूध वाढलं तर कळवीन.

नैरोबीकर

अनुजाताई, तुमचं उत्तर यातच येतंय. जन्म बघायचे तर फेब्रुवारी, न्डुटू. नदी बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबर, मारा; पण तेव्हा गाड्यांची जत्रा असते आणि कधी कधी त्या गाड्याच कळपाची वाट अडवतात. मला विचाराल तर फेब्रुवारी. निळे आणि काळे कपडे टाळा. त्सेत्से माशीला ते रंग ओढतात, तिला पकडायचे सापळे म्हणूनच निळ्या-काळ्या कापडाचे असतात. खाकी, फिका हिरवा बरा. पट्टेरी टी-शर्टचा प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर.

जमलं तर टांझानियातलं तारांगिरेही करा, हत्तींसाठी. १९९३ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. हत्तींची पिल्लं एरवी फार थोडी मरतात, त्या नऊ महिन्यांत दर पाचातलं एक गेलं. पण सगळ्या कळपांत सारखं नाही. काही कळप उद्यान सोडून बाहेर निघून गेले, त्यांची पिल्लं जास्त वाचली. या कळपांच्या म्होरक्या म्हाताऱ्या हत्तिणी होत्या. १९५८ ते ६१चा दुष्काळ त्यांनी लहानपणी पाहिलेला होता. जो गट तिथेच थांबला, त्यातल्या वयस्क हत्तिणी आधीच्या दशकांत हस्तिदंतासाठी मारल्या गेल्या होत्या. पाणी कुठे आहे हे सांगणारी कुणी उरलीच नव्हती.

माणदेशी

सगळा धागा एका बसणीत वाचला. आमचं घराणं मेंढपाळाचं. दिवाळी झाली की वाडा (मेंढरांचा तळ) हलायचा, घाट उतरून कोकणात. पाऊस तोंडावर आला की परत माणात. तुमच्या त्या दक्षिणेच्या माळाचं वाचून आज्जाची आठवण आली. तो म्हणायचा, कोकणात गवात हाय मापी पण त्यात दम न्हाई, आपल्या माळाचं बोटभर गवात मेंढराला लागतं. मेंढरं शेतात बसवायला कोकणातला शेतकरी धान्य द्यायचा, खत मिळायचं त्याला.

आता वाटंनं तारेची कुंपणं झाली, प्लॉट पडले, फार्महाऊस झाले. रात्रीला वाडा टाकायचा कुठं? माळरान म्हणजे पडीक जमीन असं सरकारी कागदात लिहिलेलं, मग झाडं लावा न्हाईतर विका. तुमच्याकडं तरी जनावराला वाट मोकळी हाय का?

नैरोबीकर

माणदेशी, सेरेंगेटीत आहे. इथे माझ्या घराच्या बाजूला नाही. नैरोबी शहराला लागून राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या दक्षिणेला कितेंगेलापासून पसरलेलं आथी-कापिटीचं मैदान. या मैदानातले वाइल्डबीस्ट कोरड्या महिन्यांत उद्यानात यायचे आणि पावसात बाहेर पांगायचे, अगदी तुमच्या वाड्यागत. १९७०च्या दशकात ते वीस हजारांच्या वर होते. आता नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झालेत. शिकार झाली, पण मुख्य कारण तारेचं कुंपण, खाणी, सिमेंटचे कारखाने आणि "सुंदर दृश्य असलेले प्लॉट". नवी रेल्वे उद्यानातूनच गेली, खांबांवरच्या पुलावरून. तिच्याखालून जिराफ जातात, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

माराच्या भोवती मात्र गेल्या वीसेक वर्षांत दुसरी वाट निघाली. मासाई कुटुंबांच्या नावावर जमिनीचे तुकडे झाले होते, ते त्यांनी एकत्र करून पर्यटनवाल्यांना भाड्याने दिले. अट अशी की कुंपण घालायचं नाही, जमीन विकायची नाही. भाडं दर महिन्याला खात्यावर. गुरंही तिथे ठरवून चारतात. नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी ही त्यांतली नावं. कोविडमध्ये पर्यटक थांबले तेव्हा भाडंही अडलं आणि काही जण परत कुंपणाचं बोलायला लागले. भाड्याचा आकडा प्लॉटच्या भावापुढे फिका आहे, हे तिथला कुणीही मासाई पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

माणदेशी

भाडं जमीनमालकाला मिळतं. ज्याच्याकडं जमीनच न्हाई, नुसती गुरं हायत, त्याचं काय?

नैरोबीकर

नेमका तोच वाद चालू आहे तिथे. बायकांच्या नावावर जमीन क्वचितच असते आणि वाटणीच्या वेळी जे लहान होते त्यांना काही मिळालं नाही, त्यामुळे भाड्यातही त्यांचा वाटा नाही. काही ठिकाणी चराईची पाळी ठरवून त्यांच्या गुरांनाही आत घेतात, पण चुकून पाळी नसलेल्या दिवशी गुरं सापडली तर दंड बसतो. पुढच्या महिन्यात तिकडे जाणं आहे. चराईचे नियम नीट विचारून येतो आणि इथेच लिहितो.